दिमापूरच्या वाटेवरचं जंगल टेबलावर मांडताना

तू लिहिलंस: "काका, जपानी फौज कोहिम्यात न अडकता थेट दिमापूरला गेली असती तर, हा डाव आम्ही दोनदा मांडला. झाडं भरपूर लावली, तरी मैदानातच लढतोय असं वाटलं. दुसऱ्या वेळी तर तासाभरात निकाल लागला आणि सगळे उठून छप्पन दुकानला पळाले. चुकतंय कुठं?"

छोट्या आकृत्या आणि फासे घेऊन टेबलावर लढाई खेळायचा हा डाव, दुसऱ्या महायुद्धातल्या १९४४ च्या नागा टेकड्यांचा. त्याचे तू पाठवलेले फोटो नीट बघितले. झाडं सुंदर आहेत, रंगकाम माझ्यापेक्षा बरं आहे. पण तुझ्या जंगलात सगळ्यांना सगळं दिसतंय. आणि नियमांच्या कागदावर पहिल्याच पानावर पाच 'जर' आहेत: जपान्यांना दुप्पट रसद, आझाद हिंद फौज दिमापूरच्या वेशीवर, वर जपानी विमानं, पावसाचा थेंब नाही, आणि इंग्रजांची ब्रिगेड दोन दिवस उशिरा. अरे, एका देवाला एवढे नवस कुणी बोलत नाही. पाच गोष्टी बदलल्यास की जो निकाल तुला हवा तोच लागणार. मग फासे टाकायचे कशाला?

आधी 'जर'चं बघू.

पर्यायी इतिहासाच्या डावात एकच गोष्ट बदलायची, आणि तीही अशी की त्या माणसाला त्या दिवशी खरोखर बदलता आली असती. कोहिम्याच्या बाबतीत ती आयती पडलेली आहे. जपानी जनरल सातोची ३१ वी डिव्हिजन १५ मार्च १९४४ च्या रात्री चिंदविन नदी ओलांडून निघाली. तिची डावी बाजू म्हणजे सातोच्या हाताखालच्या मियाझाकीची माणसं, मुख्यतः ५८ वी रेजिमेंट. वाटेत उखरूलच्या खाली सांगशाक नावाचं नागा गाव. तिथं ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड बसली होती, आणि तिच्यासोबत ४/५ मराठा लाइट इन्फंट्री ही बटालियन. खरं तर सांगशाक मियाझाकीच्या वाट्याला नव्हतंच, ते शेजारच्या १५ व्या डिव्हिजनच्या हद्दीत येत होतं. पण बाजूला शत्रू सोडून पुढं जाणं त्याला पटलं नाही, म्हणून तो वळला. २२ ते २६ मार्च तिथं लढाई झाली. खाली खडक, खंदक धड खोदता येत नाहीत, तारेचं कुंपण नाही, पाणी नाही, विमानातून टाकलेली बरीचशी रसद जपान्यांच्याच हाती. २६ च्या रात्री ब्रिगेड फुटून बाहेर पडली. पण मियाझाकीचा जवळपास आठवडा आणि शेकड्यांनी माणसं तिथं खर्ची पडली.

तुझा 'जर' हाच: मियाझाकी सांगशाकला वळला नाही. बस.

आता हिशेब मांड. सांगशाकनंतर त्याला कोहिम्याला पोचायला साधारण आठ दिवस लागले, ३-४ एप्रिलला तो तिथं होता. तेच २२ मार्चपासून मोजलं तर २९-३० मार्च. त्या वेळी कोहिम्यात ठाण मांडून बसलेलं असं फारसं कुणी नव्हतं. आसाम रेजिमेंट पुढं जेसामी आणि खारासोमला गुंतलेली. गाव पडलं असं धरून चाल. कोहिमा ते दिमापूर ४६ मैल, म्हणजे ७४ किलोमीटर, तोही उताराचा रस्ता. डोंगर संपून सपाटी सुरू होते तिथं निचुगार्डची खिंड. ३१ ला निघालेली फौज ३ एप्रिलच्या पहाटे तिथं येऊ शकते. आणि खिंडीत कोण? १६१ वी भारतीय ब्रिगेड: ४ रॉयल वेस्ट केंट, १/१ पंजाब, ४/७ राजपूत आणि पहाडी तोफा. हे मी मनानं बसवलेलं नाही. खऱ्या इतिहासातही ही ब्रिगेड मार्चअखेरीस निचुगार्डला मागं बोलावली होती, आणि वेस्ट केंटवाले ५ एप्रिलला पुन्हा कोहिम्यात गेले. म्हणजे तुझ्या डावातले दोन्ही पक्ष जागच्या जागी आहेत, तारीख तेवढी सरकली.

आता यातली खुबी. ज्यानं इतिहास बदलला त्यानंच त्याचं बिल भरायचं. सांगशाक टाळलं, तर तिथली ब्रिगेड धडधाकट राहिली, आणि ती आता मियाझाकीच्या पाठीशी आहे. मी प्रत्येक दिवसाला पंचाकडून गुपचूप एक फासा टाकून घेतो. सहा पडला, तर त्या दिवशी मागची खेचरं पोचत नाहीत. का, ते जपानी खेळाडूला सांगायचं नाही. आपल्या मंडळींना मराठा बटालियन डावात हवी असते. टेबलावर तिची एकही आकृती नसते, पण हा सहा पडला की ती असते.

दुसरं बिल भाताचं. जपानी सैनिक साधारण तीन आठवड्यांचं धान्य घेऊन निघाले होते. सोबत गुरांचे कळप हाकत नेले, त्यातली बरीचशी नदीत आणि डोंगरांत गेली. १५ मार्चला निघालेल्याची शिदोरी ३-४ एप्रिलला संपते, आणि तुझी लढाई ३ एप्रिलला आहे! म्हणून जपानी पक्षाला मी तांदळाचे दाणे देतो. खरे दाणे, वाटीत. प्रत्येक कंपनीमागे एका फेरीला एक दाणा. वाटी रिकामी झाली की त्या कंपनीची चाल निम्मी आणि हल्ल्याच्या फाशातून एक वजा. कोहिम्यातली कोठारं हाती लागली असतील तर किती दाणे जास्त, ते पंच आधीच चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालतो. तिसऱ्या फेरीला ते पाकीट उघडतं, तेव्हा टेबलाशी जी शांतता होते ती तोफेच्या फाशालाही नसते.

आझाद हिंद फौजेचं सांगतो, कारण ते तू विचारणारच. दर वेळी कुणीतरी विचारतं. मलाही वाटतंच की. पण सुभाष ब्रिगेडचा मोठा भाग तेव्हा दक्षिणेला चिन टेकड्यांत, हाका-फलमच्या बाजूला होता. ३ एप्रिलला निचुगार्डला ती येऊच शकत नाही. मोइरांगला तिरंगा लागला तो १४ एप्रिलला, आणि मोइरांग इंफाळच्याही खाली. तिला आणायचं असेल तर तो वेगळा डाव मांड, एप्रिलअखेरचा, वेगळ्या 'जर'सह. तिथं समोर भारतीयच उभे असतील, तेव्हा कोण कुठल्या बाजूनं बसणार हेही आधी बोलून घ्या. आमच्याकडे एकदा यावरूनच आवाज चढले होते.

आता जंगल. खरा घोळ इथं आहे.

मीही पहिली काही वर्षं तुझ्यासारखंच मांडायचो. हिरवी चादर, त्यावर झाडं, झाडाआड असलेल्याला फाशात एकाची सवलत, झालं जंगल. एकदा महूहून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब डाव बघायला आले. हात मागं बांधून टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "साहेब, ह्यो ब्रेन मशीनगनवाला त्या जपान्यावर गोळी मारतोय, पण त्याला तो दिसला कसा?" मी म्हटलं, दोघांमधलं अंतर नियमात बसतंय. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मला आणि माझ्या भाच्याला घेऊन चोरलच्या जंगलात गेले. श्रावण होता. सागवानाची पानं परातीएवढी झालेली, खाली रानवेली, पायाखाली चिखल. भाच्याच्या अंगात लाल शर्ट. त्याला म्हणाले, "सरळ चालत सुटा." मी पावलं मोजत होतो. बाविसाव्या पावलाला लाल शर्ट गेला. लांब जाऊन बारीक झाला असं नव्हे, दिवा मालवल्यासारखा गेला. नंतर तो खोकला. मी डावीकडं हात केला, सुभेदारांनी उजवीकडं केला. भाचा उजवीकडंच होता, आणि तो 'सरळ' चालत गेलेला पोरगा रस्त्यापासून चांगला तिरका गेला होता.

त्या एका सकाळीतून माझे तीन नियम आले. तुझा बाकीचा नियमसंच कुठलाही असो, हे तीन त्यावर चढव.

पहिला, नजर. माझं टेबल सहा फूट बाय चार, एक इंच म्हणजे दहा मीटर. दाट जंगलात दोन इंचांपलीकडचं काही दिसत नाही. रायफलचा पल्ला, ब्रेनचा पल्ला, सगळं कागदावर राहू दे. पल्ल्याला अर्थ आहे तो रस्त्यावर, ओढ्याच्या पात्रात आणि गावाभोवतीच्या झूमशेतीच्या उघड्या तुकड्यात. तेवढ्यानंच मशीनगन कुठं लावायची हा प्रश्न एकदम खरा होतो. जंगलाच्या पोटात ती आंधळी, रस्त्याच्या वळणावर ती यम. एक मात्र ध्यानात ठेव: आपला माळव्याचा सागवान एप्रिलमध्ये झडलेला असतो, चोरलला उन्हाळ्यात गेलास तर अर्धा मैल दिसेल. नागा टेकड्या तशा नाहीत, तिथं बांबू आणि सदाहरित झाडी बारा महिने. म्हणून अंदाज घ्यायचा तर पावसाळ्यातल्या चोरलचा घे.

दुसरा, आवाज. दिसत नाही पण ऐकू येतं. सहा इंचांच्या आत कुणी गोळी झाडली किंवा झाडी तोडत चाललं, तर पंच फक्त दिशा सांगतो, "डावीकडं, वरच्या अंगाला." खेळाडू आवाजावर गोळीबार करू शकतो, अर्ध्या फाशांनी. पण त्यानं गोळी झाडली की त्याचीही जागा कळली. गोळी न झाडता गप्प बसणं ही या डावातली सगळ्यात अवघड चाल आहे. नवीन मुलांना ती जमत नाही. जपानी रात्री मुद्दाम आरडाओरडा करून समोरच्याला गोळीबार करायला लावत, ते याचसाठी.

तिसरा, दिशा चुकणं. याचा मला फार अभिमान आहे. पायवाट सोडून झाडीत शिरलेल्या तुकडीसाठी पंच लपवून फासा टाकतो. एक पडला तर ती डावीकडं तिरकी जाते, दोन पडला तर उजवीकडं, बाकी सरळ. पण टेबलावर खेळाडू तिला सरळच पुढं सरकवतो, कारण त्याला वाटतंय ती सरळ चाललीय. खरी जागा फक्त पंचाच्या नकाशावर. दोन-तीन फेऱ्यांनी खेळाडू म्हणतो, "आता मी टेकडीवर." पंच नकाशा बघतो आणि म्हणतो, "समोर ओढा आहे." त्या क्षणी त्याचा चेहरा बघ.

हे सगळं जमवायला आकृत्या टेबलावर मांडून भागत नाही. काडेपेट्या घे. दोन्ही बाजूंना पुरतील एवढ्या, एकांना निळा कागद चिकटव, दुसऱ्यांना लाल. आत चिठ्ठी: 'सेक्शन' (दहाएक जणांची तुकडी), 'जड मशीनगन', 'तीन माणसं, टेहळणी', 'खेचरं', आणि सात-आठ पेट्यांत काहीच नाही. सगळं काडेपेट्यांनीच चालतं. समोरासमोर दोन इंचांत आल्या की खण सरकवायचा, आणि आत निघेल ती आकृती टेबलावर. रिकामी पेटी निघाली तर म्हणजे पानं हलली होती, माणूस नव्हता. दोन फेऱ्या एका रिकाम्या पेटीसाठी अख्खी प्लाटून थांबवून ठेवलेला माणूस मी बघितलाय. एक खबरदारी: भरलेली पेटी उचलताना आवाज येतो. आमच्या गटातल्या एका भियानं तीन रविवार नुसत्या खडखडाटावरून ओळखून आम्हाला हरवलं. तेव्हापासून रिकाम्या पेटीत दोन मेलेल्या काड्या टाकतो.

झाडांवर पैसे घालू नकोस. चहाचा चोथा उन्हात खडखडीत वाळवून फेविकॉलवर पसरला की जंगलाची जमीन तयार. नीट वाळव, नाहीतर बुरशी धरते आणि घरातले टेबल बाहेर काढतात. घोसाळ्याची जाळी फाडून हिरवी केली की झुडपं, फुलझाडूच्या काड्या म्हणजे उंच गवत आणि बांबू. थोडी प्लास्टिकची झाडं सियागंज-रानीपुऱ्याकडून आण, तेवढी पुरेत. आणि झाडं तळाला चिकटवू नकोस, सुटी ठेव, पेट्या सरकवताना बाजूला करता आली पाहिजेत. तुझ्या फोटोतली चिकटवलेली आहेत.

हत्यारांचं थोडक्यात. उखळी तोफेला वर आभाळ लागतं, म्हणून ती मोकळ्या तुकड्यातूनच डागता येईल असा नियम कर. मोकळे तुकडे टेबलावर तीनच ठेव, मग त्यांच्यासाठीच मारामारी होते. दाट झाडीत गोळा वरच्या फांद्यांवर फुटतो आणि कपच्या खाली बरसतात, तेव्हा उघड्या खंदकाला सवलत नाही, वर ओंडके आणि माती घातली असेल तरच. जपान्यांच्या ५० मिलिमीटरच्या त्या छोट्या उखळीला इंग्रज गुडघ्यावरची तोफ म्हणायचे. नाव ऐकून खरंच मांडीवर ठेवून झाडणाऱ्याचं हाड मोडायचं, ती जमिनीवर टेकवूनच डागतात. तुझ्या एका आकृतीत ती मांडीवर आहे, बदल. रणगाडे नकोत. पुढं नुनशिगुमला त्यांनी कमाल केली हे खरं, पण १३ एप्रिलला आणि इंफाळच्या बाजूला.

दोन्ही बाजूंचं बळ समान ठेवू नकोस. मी पंजाब बटालियनची एक कंपनी देतो, नऊ सेक्शन, आणि टेबलाबाहेर दोन पहाडी तोफा. जपान्यांना दोन कंपन्या, दोन जड मशीनगनी आणि एक ७० मिलिमीटरची बटालियन तोफ. जपानी संख्येनं दुप्पट, पण त्यांच्याजवळ दाणे मोजके आणि घड्याळ विरोधात. बारा फेऱ्या, बाराव्या फेरीनंतर अंधार.

जिंकणं कशाला म्हणायचं हे तुझ्या कागदावर नुसतं 'जास्त माणसं मारणं' असं आहे. दिमापूर का हवं होतं, ते आधी मनात घे. अकरा मैल लांब आणि मैलभर रुंद असा तिथं रसदीचा तळ होता. शिधा खाणारी तोंडं पंचेचाळीस हजारांच्या घरात, आणि त्यांतले रायफल चालवू शकणारे जेमतेम पाचशे, असं तिथल्या कमांडरनं स्वतः इंग्रज सेनापती स्लिमला सांगितलं होतं. आणि रेल्वे. मणिपूर रोड स्टेशनवरून जाणारी ती मीटरगेज लाइन पुढं लेडोकडं आणि वरच्या आसामातल्या विमानतळांकडं जाते, जिथून चीनला माल उडत होता. म्हणून जपान्यांचं काम एवढंच: बारा फेऱ्यांत किमान तीन सेक्शन टेबलाच्या त्या टोकानं रेल्वेकडं बाहेर काढायचे. किती मेले ते कुणी विचारत नाही. इंग्रजांचं काम रोखून धरणं, कारण २ री ब्रिटिश डिव्हिजन रेल्वेनं येतेय. तिची पहिली कंपनी कितव्या फेरीला उतरेल, ते पंच सुरुवातीला दोन फासे टाकून ठरवतो आणि लपवून ठेवतो. दोन फाशांची बेरीज सात येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, छत्तीसात सहा. हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून सहाव्या फेरीपासून दोघंही घायकुतीला येतात.

सातोचा वरिष्ठ मुतागुची, त्याला स्वतःला हेच हवं होतं, कोहिमा टाकून दिमापूर. त्याच्याही वरच्या कावाबेनं ते रोखलं. आणि सातो कोहिम्यालाच चिकटून राहिला. मेअखेरीस उपाशी फौज घेऊन त्यानं हुकमाविरुद्ध माघार घेतली. जपानी बाजूनं खेळणाऱ्याला हे डावाआधी सांग. त्यानं मुतागुचीसारखं खेळावं की सातोसारखं, ते त्याचं त्यानं ठरवावं. माझ्या अनुभवात मुतागुचीसारखं खेळणारे आठव्या फेरीपर्यंत फार चांगले दिसतात.

पंचाशिवाय यातलं काहीही होणार नाही. प्रशियाच्या राइसवित्झनं १८२४ मध्ये लष्करापुढं असा खेळ ठेवला, तेव्हाही नकाशाशी पंच असायचाच, आणि दोन्ही बाजूंना तो दाखवेल तेवढंच दिसायचं. तुमच्यात सहा जण आहेत. एकानं खेळायचा मोह सोडायचा आणि पंच व्हायचं. हुकूम तोंडी नाही, चिठ्ठीवर. टेकड्यांत वायरलेस धड चालत नसे, म्हणून चिठ्ठी एका फेरीनं पोचते, आणि पंचाला वाटलं तर पोचतच नाही. बाजू वाद घालू लागल्या तर पंचाचा शब्द अखेरचा. तो चुकला तरी. चहाच्या वेळी भांडा.

डाव संपला की लगेच आवराआवर करू नका. सगळ्या पेट्या जागच्या जागी ठेवून उघडा, पंचाचा नकाशा मध्ये पसरा आणि चिठ्ठ्या पहिलीपासून मोठ्यानं वाचा. आमच्या गेल्या डावात जपानी डाव्या बाजूची कंपनी पाचव्या फेरीला वाट चुकून पंजाबच्या प्लाटूनमागून गेली होती, नकाशावर अंतर अडीच इंच. प्लाटूनवाल्यानं त्याच फेरीला लिहिलं होतं, "मागं आवाज. आपलीच खेचरं असावीत. गोळी झाडू नये." जपानीवाल्याची चिठ्ठी होती, "समोर कोणी नाही. पुढं चाललो."